सिगारेट-तंबाखू सोडणाऱ्यांचा गट कसा चालवावा : ठाणे-नवी मुंबईतील संकुले, कंपन्या आणि मंडळांसाठी

दर वर्षी ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक संकुलांत, कंपन्यांत आणि महाविद्यालयांत तंबाखूमुक्तीची शपथ घेतली जाते. फलक लागतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते, डॉक्टर काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवतात आणि छायाचित्र काढून मंडळी पांगतात. त्यांतील जो माणूस खरोखर मनावर घेतो आणि त्याच रात्री पाकीट कचऱ्यात टाकतो, त्याची परीक्षा २ किंवा ३ जूनला असते, कारण निकोटीन बंद झाल्यावर होणारा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. नेमक्या त्या दिवशी त्याला फोन करणारे कोणीही नसते, कारण कार्यक्रम संपलेला असतो.

कोणत्याही मदतीविना सिगारेट सोडणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. गटात बसून, शिकलेल्या माणसाच्या मदतीने आणि गरज असेल तेथे औषध घेऊन सोडणाऱ्यांचे प्रमाण यापेक्षा बरेच चांगले असते. म्हणून ज्यांना आपल्या संकुलात, कारखान्यात किंवा मंडळात असा गट सुरू करायचा आहे, त्यांनी आपला वेळ, पैसा आणि माणसे सोडण्याच्या दिवसाआधीच्या तीन आठवड्यांसाठी आणि नंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवावीत. उद्घाटन केले नाही तरी काही बिघडत नाही.

गटात कोणाला घ्यावे

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे, गुटखा चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही करत होते. याचा अर्थ असा, की गटाचे दार फक्त सिगारेट-बिडीवाल्यांसाठी उघडले, तर वागळे इस्टेटमधील कारखान्यातील किंवा वाशीच्या बाजार समितीतील बहुसंख्य माणसे बाहेरच राहतील. शिवाय सिगारेट सोडलेला माणूस शेजारच्याने मळलेल्या तंबाखूची चिमूट दाढेखाली धरतो आणि धूर तरी बंद झाला असे समाधान मानतो, हे सर्रास घडते. निकोटीनची गुलामी तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कोणत्या टपरीवर मिळते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा गट तंबाखूचा ठेवावा आणि धूर व चघळणे या दोहोंना एकच नियम लावावा.

मशेरीचा प्रश्न थोडा निराळा आहे. ती लावणाऱ्या बायका तिला तंबाखू मानतच नाहीत, त्यामुळे 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देतात. 'दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?' असे विचारले की खरी माहिती मिळते. या बायका संकुलाच्या क्लबहाऊसमध्ये पुरुषांसमोर येऊन बसणार नाहीत. त्यांच्यासाठी दुपारची वेगळी बैठक, शक्यतो अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या जागेत, आशाताईंच्या मदतीने घ्यावी.

आठ ते पंधरा माणसे पुरेशी असतात. त्याहून जास्त झाली की दोघे-तिघेच बोलतात आणि उरलेले मोबाईल पाहत बसतात. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा कामगार एकाच गटात घेऊ नयेत, कारण साहेबांसमोर कोणीही 'काल दोन ओढल्या' असे सांगत नाही. बायकोने किंवा मुलीने परस्पर नाव घातलेल्या माणसाशी आधी एकट्याने बोलावे. त्याची स्वतःची इच्छा अर्धवट असली तरी चालेल, पण अजिबातच नसेल तर त्याला पुढच्या तुकडीसाठी मोकळे सोडावे. अशा माणसाला ओढून आणले, तर तो स्वतः सोडत नाहीच, शिवाय इतरांना 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते' हे ऐकवत राहतो.

जागा, वेळ आणि चालवणारी माणसे

वेळ ठरवताना आपली सोय बाजूला ठेवून गटातील माणसांच्या पाळ्या पाहाव्यात. वाशीच्या भाजीपाला बाजारात मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत काम चालते, त्यामुळे तेथील माथाडी कामगारांना संध्याकाळची बैठक म्हणजे झोपमोड. त्यांच्यासाठी दुपार उतरतीला असतानाची वेळ बरी. रबाळे-महापेच्या कारखान्यांत पाळी बदलण्याच्या आधी अर्धा तास मिळाला तर दोन्ही पाळ्यांची माणसे येऊ शकतात, आणि तो अर्धा तास कामाच्या वेळेत धरण्याचे व्यवस्थापनाकडून कबूल करून घ्यावे. ऐरोलीतील परदेशी वेळेवर चालणाऱ्या कार्यालयांत बैठक कामाच्या सुरुवातीला ठेवावी, शेवटी ठेवू नये. गृहसंकुलात मात्र रात्री जेवणानंतरची वेळ मला सर्वांत योग्य वाटते, कारण जेवणानंतरची सिगारेट ही बहुतेकांची सर्वांत लाडकी असते आणि तेवढी एक तरी त्या दिवशी बैठकीत बसल्यामुळे टळते. जागा कोणतीही चालेल, फक्त तेथे पोहोचण्याची वाट टपरीवरून जाणारी नसावी.

गट चालवायला दोन माणसे हवीत. एक समुपदेशनाचे थोडे तरी प्रशिक्षण घेतलेली आणि दुसरी स्वतः तंबाखू सोडून किमान वर्ष उलटलेली. पहिली नसेल तर गटाची कीर्तनसभा होते. दुसरी नसेल तर लोकांना वाटते, की याला काय कळणार. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर तंबाखू नियंत्रण कक्ष आहेत; ठाण्याच्या सामान्य रुग्णालयात जाऊन त्या कक्षाकडे प्रशिक्षणाची आणि पहिल्या बैठकीला समुपदेशक पाठवण्याची लेखी मागणी करावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबई महापालिकेचे वाशीचे रुग्णालय, तसेच नेरूळ आणि कामोठे येथील दंत महाविद्यालये यांच्याशीही आधीच बोलून ठेवावे. दंतवैद्याला विसरू नये, हे मुद्दाम सांगतो: जो माणूस छातीच्या डॉक्टरकडे जायला घाबरतो, तो दातांवरचे डाग काढायला आनंदाने जातो आणि तोंडात कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकणारा पांढरा चट्टा असेल तर तो तेथेच सापडतो. कोणत्या विभागात, कोणत्या वारी, किती वाजता माणूस पाठवायचा हे तुकडी सुरू होण्यापूर्वी वहीत लिहून ठेवलेले असावे. 'सरकारी रुग्णालयात जा' एवढेच सांगितले तर कोणी जात नाही.

ज्यांना तंबाखूबरोबर दारूचेही व्यसन आहे किंवा ज्यांना नैराश्याचा त्रास आहे, त्यांना आपल्या गटात ठेवूनच योग्य त्या तज्ज्ञांकडे पाठवावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठी बैठकाही या परिसरात होतात.

कंपन्यांसाठी येथेच एक सूचना. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, कामाच्या जागा त्यात मोडतात आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. धूम्रपानासाठी स्वतंत्र खोली ठेवण्याची मुभा विमानतळांना, तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना आहे. कार्यालयाच्या इमारतीतील 'स्मोकिंग रूम'ला ती नाही. ती खोली बंद करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे आणि गट चालवणाऱ्याने त्यात पडू नये. दंडाची पावती फाडणारा हात आणि बैठकीत खांद्यावर पडणारा हात एकाच माणसाचा असेल, तर लोक जिन्यात ओढतात आणि बैठकीत खोटे बोलतात. संकुलाच्या सचिवांनाही हेच लागू आहे.

सोडण्याआधीच्या तीन बैठका

पहिल्या बैठकीत कोणालाही सोडायला सांगू नये. प्रत्येकाला कागदाची एक पट्टी आणि रबर द्यावे. पट्टी पाकिटाभोवती गुंडाळायची आणि प्रत्येक सिगारेट काढण्यापूर्वी तीवर वेळ, जागा आणि सोबत कोण होते एवढे लिहायचे. पुडीवाल्याने हेच पुडीच्या डबीभोवती करावे. आठवडाभराने त्या पट्ट्या टेबलावर मांडल्या की जे दिसते ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा उपयोगी असते. एका माणसाच्या बारापैकी सात सिगारेटी ठाणे स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी आणि चहाच्या कटिंगबरोबर जातात, दुसऱ्याच्या सर्व सिगारेटी साहेबांच्या फोननंतरच्या असतात. सवय आणि गरज यांतील फरक माणसाला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसतो.

त्याच बैठकीत एक प्रश्न प्रत्येकाला विचारून नोंदवावा: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किंवा पहिली चिमूट किती मिनिटांत? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनवरील अवलंबन जास्त आहे असे समजावे आणि त्या माणसाची डॉक्टरांशी गाठ सोडण्याच्या दिवसाआधीच घालून द्यावी.

दुसरी बैठक अडचणींची. येथे लोकांना मोकळेपणाने बोलू द्यावे, कारण खरी कारणे जरा संकोचाची असतात. 'सकाळी एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे वाक्य प्रत्येक गटात कोणी तरी खालच्या आवाजात बोलतो आणि लगेच चार-पाच माना हलतात. हे खोटे नाही. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. त्यावर रात्री इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि थोडे चालणे हा साधा उपाय सांगावा, आणि हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो हेही सांगावे. इतके साधे स्पष्टीकरण न मिळाल्यामुळे पुष्कळ माणसे चौथ्या सकाळी पुन्हा पेटवतात. याशिवाय भूक वाढणे, झोप उडणे, चिडचिड होणे, तोंडात फोड येणे, पहिल्या काही दिवसांत खोकला उलट वाढणे या सर्व गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. ज्याला आधी सांगितले आहे तो त्यांना आजार समजत नाही.

चहाचे काय करायचे हे ठरवल्याशिवाय दुसरी बैठक संपवू नये. चहा आणि सुट्टा यांची जोडी इतकी घट्ट असते, की पहिले दोन आठवडे टपरीवरचा चहा बंद करून तो कार्यालयात किंवा घरी घ्यावा, किंवा त्याऐवजी ताक, कोकम, लिंबूपाणी घ्यावे. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यावर बंदी घातली, पण टपरीवर हात पुढे केला की सुटी मिळते, हे वास्तव धरूनच योजना आखावी.

तिसऱ्या बैठकीत तारीख ठरते. सर्वांनी एकच दिवस निवडला तर उत्तम. आपल्याकडे श्रावण किंवा चातुर्मास धरण्याची रीत आहे आणि गटारीनंतरच्या दिवसापासून सोडतो असे म्हणणारे हमखास भेटतात. त्यांना अडवू नये, कारण त्या महिन्यात घरचे वातावरण अनुकूल असते, सोबतीला दारू आणि मटणाच्या पार्ट्या नसतात. मात्र श्रावणात सोडणाऱ्याच्या मनात सुरू करण्याची तारीखही ठरलेली असते, म्हणून अशा तुकडीच्या बैठका श्रावण संपण्याच्या आठवड्यात आणि गणपतीच्या दहा दिवसांत अधिक जवळजवळ घ्याव्यात. मंडळाच्या मांडवामागे रात्रभर जागणाऱ्या कार्यकर्त्याला त्या दहा दिवसांत एकटे सोडणे म्हणजे आधीच्या महिन्याची मेहनत पाण्यात घालणे होय. इतरांनी मार्चअखेर, घरातील लग्न आणि गावाला जाण्याचे दिवस टाळून तारीख घ्यावी.

आदल्या दिवशी करायची कामे अशी: घरातील रक्षापात्र आणि लायटर टाकून द्यावेत, स्कूटरच्या डिकीत, कार्यालयाच्या खणात, पावसाळी कोटाच्या खिशात राहिलेल्या सिगारेटी शोधून काढाव्यात, आणि टपरीवाल्याची उधारी चुकती करावी. उधारी शिल्लक असली की माणूस ती द्यायला तेथे जातो, टपरीवाला नेहमीप्रमाणे पाकीट पुढे करतो आणि हात आपोआप ते घेतो. पैसे देताना त्याला 'उद्यापासून मला देऊ नकोस' असे सांगून टाकावे. टपरीवाले यात बहुतेक वेळा समजूतदार असतात. काही तर नंतर दुरूनच हात हलवून 'नाही ना?' असे विचारतात.

औषधाबाबत

गट चालवणाऱ्याने औषध सुचवू नये, पण औषधे कोणती आहेत आणि ती कशी वापरायची हे त्याला माहीत असावे. निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ४ मिलिग्रॅमचे गम, तसेच बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि फिट येणारे यांनी यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गम फसते ते चघळण्याच्या पद्धतीमुळे. आपल्याकडील माणूस ते पान किंवा गुटखा चघळावा तसे जोरात चघळतो, सारा रस गिळतो, उचक्या लागतात, घशात जळजळते, मळमळते आणि 'हे आपल्याला सोसत नाही' असे म्हणून तो पाकीट बाजूला ठेवतो. निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात जायला हवे. पोटात गेलेले फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून बैठकीत एकदा सर्वांसमोर हे करून दाखवावे: गम सावकाश चावायचे, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, चव गेली की पुन्हा चार-पाच वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचे, आणि असे साधारण अर्धा तास चालू ठेवायचे. गमच्या आधीची पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, शीतपेय घ्यायचे नाही, कारण आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही. तलफ अनावर झाल्यावर एक घेण्यापेक्षा सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक घेतले तर त्याचा उपयोग जास्त होतो. पुढे आठ ते बारा आठवड्यांत ते हळूहळू कमी करत बंद करायचे. दाढेखाली तंबाखू धरण्याची सवय असलेले लोक हे तंत्र पटकन शिकतात, हा त्यातल्या त्यात फायदा.

सिगारेटच्या धुरामुळे काही औषधे शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे धूम्रपान थांबले की त्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. दम्यासाठी थिओफिलीन आणि मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्यांनी सोडण्याच्या दिवसाआधीच आपल्या डॉक्टरांना कळवले पाहिजे. ई-सिगारेटचा पर्याय कोणी काढला, तर २०१९ च्या कायद्याने तिच्या उत्पादनावर आणि विक्रीवर देशभर बंदी आहे एवढे सांगून विषय संपवावा. हर्बल सिगारेटबद्दलही फार बोलण्यासारखे नाही. तिच्यात निकोटीन नसले तरी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच.

तिसऱ्या दिवसाचा फोन

सोडण्याच्या दिवसानंतर प्रत्येकाला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी फोन झाला पाहिजे, आणि त्यानंतर दर महिन्याला एक, सहा महिन्यांपर्यंत. साप्ताहिक बैठका या काळात किमान चार व्हाव्यात. व्हॉट्सअॅपच्या गटावर 'शुभ सकाळ, तंबाखू सोडा' असे संदेश टाकणे म्हणजे पाठपुरावा नव्हे. कोणी कोणाला फोन करायचा हे वहीत नावानिशी लिहावे आणि फोन झाल्यावर खूण करावी.

फोनवर पहिला प्रश्न 'ओढली का?' हा नसावा. तो विचारला की समोरचा माणूस हजेरी द्यावी तसे उत्तर देतो. असा फोन साधारण पुढीलप्रमाणे होतो:

'काका, नमस्कार. आज तिसरा दिवस. रात्री झोप लागली का?'

'झोप कसली रे. दोन वाजेपर्यंत टक्क जागा होतो. सकाळी हिच्यावर विनाकारण ओरडलो.'

'हे होणारच होतं, काका, आपण बैठकीत बोललो होतो ना. काकूंना मी सांगू का, की हे आठ-दहा दिवसांचं आहे?'

'तिला माहीत आहे. पण आता साडेचारला चहा होईल, तेव्हाचं काही खरं नाही.'

'मग सव्वाचारला खाली या. मीही उतरतो, आपण तलावपाळीला एक फेरी मारू.'

यात उपदेश कोठेही नाही, आणि पुढच्या धोक्याची वेळ घड्याळाप्रमाणे ठरवून तिच्याआधी पंधरा मिनिटे काहीतरी करण्याची सोय केली आहे. तलफ सहसा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ काढण्यासाठी थांबणे, सावकाश दीर्घ श्वास घेणे, पाणी पिणे आणि लक्ष दुसरीकडे वळवणे ही चार साधने सगळीकडे शिकवली जातात. खिशात बडीशेप, लवंग किंवा भाजलेले हरभरे ठेवावेत. सुपारी मात्र चालणार नाही, कारण तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे.

आपला फोन पोहोचू शकत नाही अशा वेळेसाठी राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये भरून द्यावा. हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्यातही छापलेला असतो, तरी तो लावून पाहिलेला माणूस विरळा. दुसऱ्या बैठकीत गटासमोर एकदा तो लावून समुपदेशकाशी बोलणे करून द्यावे, म्हणजे पुढे संकोच राहत नाही. ज्यांना बोलण्यापेक्षा संदेश बरे वाटतात, त्यांच्यासाठी ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवण्याची सरकारी सेवा २०१६ पासून सुरू झाली.

घरच्यांसाठी एक बैठक स्वतंत्र ठेवावी. 'किती दिवस टिकतंय बघू' असा टोमणा तिसऱ्या दिवशी किती महागात पडतो हे त्यांना सांगावे, आणि खिसे तपासू नयेत असेही. दोन आठवडे जेवणावरून वाद घालू नये.

भिशी

सिगारेटच्या पैशांची भिशी हा आपल्याकडे सहज जमणारा प्रकार आहे. समजा एक सिगारेट २० रुपयांना पडते आणि माणूस दिवसाला दहा ओढतो, तर महिन्याचे ६००० रुपये होतात. ज्याने त्याने आपला हिशेब काढून त्यातील ठरावीक रक्कम दर आठवड्याला बाजूला ठेवायची आणि सहा महिने टिकल्यावर ती उचलायची. फिलिपिन्समधील एका बँकेने असा प्रयोग केला होता: सिगारेट सोडू पाहणाऱ्यांनी सहा महिने पैसे साठवायचे, शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटीन आढळले तर ती रक्कम दानधर्मासाठी जायची, आणि नाही आढळले तर परत मिळायची. ज्यांना हा पर्याय देऊ केला होता, त्यांच्यात सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा शंभरांमागे सुमारे तीनने अधिक आढळले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. फरक डोंगराएवढा नाही, परंतु खर्च जवळजवळ शून्य आहे. आपण ही रक्कम कोणा एकाच्या खिशात जमा करू नये. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यात आवर्ती ठेव उघडून पासबुक बैठकीत दाखवावे, म्हणजे पैशावरून गट फुटण्याची भीती उरत नाही.

मोजणी आणि घसरलेली माणसे

किती जणांनी सोडली हे चार आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी मोजावे. सोपा आणि कडक नियम असा, की ज्याचा फोन लागत नाही किंवा जो बैठकीला येत नाही, त्याने पुन्हा सुरू केली असेच धरायचे. यामुळे आकडा लहान होतो आणि कंपनीच्या अहवालात तो कमी शोभतो, तरी तोच खरा असतो. रुग्णालयाकडून उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र एका बैठकीपुरते मिळाले तर अवश्य आणावे. फुंकर मारून आकडा खाली आलेला पाहण्यात प्रौढ माणसांनाही लहान मुलासारखा आनंद होतो. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे हे यंत्र आदल्या रात्रीची एखादी सिगारेट पकडू शकेलच असे नाही, आणि तंबाखू खाणाऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पुन्हा ओढणाऱ्यांमध्ये दोन प्रकार करावेत. लग्नात, पार्टीत किंवा भांडणानंतर एखादी ओढलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बैठकीला बोलवावे, ती कोठे, कोणाबरोबर, किती वाजता ओढली हे पहिल्या आठवड्यातील पट्टीप्रमाणे लिहून घ्यावे आणि उरलेले पाकीट कोठे आहे हे विचारावे. बहुधा ते अजून खिशातच असते. या घसरणीमागे दारू किती वेळा असते हे पाहिले, तर पहिला महिना तरी दारू प्यायला बसणे पूर्ण टाळावे असे मी आग्रहाने सांगेन. जो रोजच्या संख्येवर परत आला आहे, त्याचे नाव वहीतून खोडू नये. तंबाखू कायमची सुटेपर्यंत बहुतेकांचे अनेक प्रयत्न झालेले असतात, आणि मागच्या वेळी कोणत्या दिवशी, कशामुळे सुरू झाली ही माहिती पुढच्या प्रयत्नात औषधाइतकी कामाची असते. अशा माणसाला पुढच्या तुकडीच्या पहिल्या बैठकीची तारीख फोनवर कळवावी, नवा अर्ज भरायला लावू नये, आणि या वेळी डॉक्टरांची भेट तिसऱ्या बैठकीआधीच ठरवून द्यावी.